स्नोमोबाइल आयडलला मान टाकते? कार्ब्युरेटर खोलण्याआधी आणि खोलल्यावर

हंगामातला पहिला बर्फ पडतो. सहा-आठ महिने झाकून ठेवलेली स्नोमोबाइल तुम्ही बाहेर काढता. दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर इंजिन कसंबसं चालू होतं आणि चोक बंद केला रे केला की मान टाकतं. कधी याच्या उलट होतं. इंजिन बंद पडत नाही, पण थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायचं नाव घेत नाही.

अशा वेळी मी पहिल्यांदा जे केलं तेच बहुतेक नवखे करतात. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दिसेल तो स्क्रू पिळला. आयडल (थ्रॉटल न दाबता इंजिन चालतं तो वेग) ठरवणारा स्क्रू दोन फेरे आत गेल्यावर गाडी बंद पडेनाशी झाली आणि मी खूश झालो. दुखणं होतं तिथंच होतं, मी त्यावर पांघरूण घातलं इतकंच. आठवडाभरात इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या रबरी पट्ट्याचा जळका वास यायला लागला, कारण आयडल इतका चढला होता की क्लच थांबल्या जागीही पट्टा ओढत होता. त्या हिवाळ्यात मी तोच कार्ब्युरेटर तीन वेळा खोलला, आणि दोष कार्ब्युरेटरमध्ये नव्हताच. तो कुठे सापडला ते सहाव्या पायरीत येईल.

इथे जे लिहिलंय ते स्लाइड कार्ब्युरेटर (ज्यात थ्रॉटल दाबला की स्लाइड नावाची झडप वर सरकते) असलेल्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाड्यांसाठी आहे, म्हणजे मिकुनीच्या व्हीएम किंवा टीएम जातीचे कार्ब असलेल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला यातलं फारसं काही लागू होणार नाही.

१. आधी एवढं समजून घ्या

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा अनेक असतात आणि प्रत्येकीची पाळी थ्रॉटलच्या वेगळ्या टप्प्यावर येते. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेटचं राज्य (जेट म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेला छोटा पितळी तुकडा). पावाच्या आसपास स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण उघडेपर्यंत नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई. त्यापुढे मेन जेट.

आयडलची तक्रार असेल तर संशय पायलट जेट, त्याच्या वाटा, आयडल स्क्रू आणि हवेचा स्क्रू (आयडलच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) यांच्यावर. मेन जेट बदलून आयडल सुधारत नाही. तरीही लोक मेन जेट बदलतात आणि मग पूर्ण वेगात पिस्टन जाम करून घेतात.

दोन शब्द पुढे सारखे येतील. पेट्रोल कमी आणि हवा जास्त म्हणजे मिश्रण लीन, त्याच्या उलट म्हणजे रिच. टू-स्ट्रोकमध्ये इंधनाबरोबरच वंगणही येतं. म्हणून रिच गाडी त्रास देते, पण लीन गाडी इंजिन खाते.

२. सामान जमवा

- तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. फ्लोटची (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, हवेच्या स्क्रूचे फेरे, ऑइल पंपाची खूण हे सगळं त्यातूनच घ्यायचं.
- जपानी मापाचा चौफुली स्क्रूड्रायव्हर. मिकुनीच्या वाटीचे (कार्बच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या भांड्याचे) स्क्रू साध्या चौफुलीने घासून गुळगुळीत होतात आणि मग ड्रिल मारायची वेळ येते.
- पायलट जेटच्या खोबणीत घट्ट बसेल असा अरुंद, सरळ तोंडाचा स्क्रूड्रायव्हर
- प्लग पाना, नव्या प्लगांची जोडी, कॉम्प्रेशन गेज
- कार्ब क्लीनर, दाबाची हवा, डोळ्यांना चष्मा, हातमोजे
- वाटीचे गॅस्केट आणि ओ-रिंगांचा संच
- पारदर्शक काचेची बाटली
- मागचा भाग उचलून धरणारा मजबूत स्टँड
- मोबाइल, प्रत्येक पाइप काढण्याआधी फोटो घ्यायला

३. इंजिन चालू करण्याआधी

बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. दार थोडं उघडं ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ट्रॅक (बर्फावर फिरून गाडी ढकलणारा मागचा रुंद पट्टा) जमिनीवरून उचललेला असेल तर मागे कोणी उभं राहायचं नाही, कारण ट्रॅकमधून बर्फाचा तुकडा किंवा सुटलेला खिळा गोळीसारखा येतो. पट्टा काढून इंजिन रेस करू नका. क्लचवर भार नसला की आरपीएम हाताबाहेर जातं. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीला थंडावा ट्रॅकने उडवलेल्या बर्फातून मिळतो, म्हणून स्टँडवर ती फार वेळ चालवत बसायची नाही.

४. कार्ब्युरेटर निर्दोष आहे असं धरून चाला

वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मर्यादेबाहेर गेलं की पाणी-अल्कोहोलचा थर तळाशी बसतो. उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. असं पेट्रोल ताज्यात मिसळून खपवू नका, टाकी रिकामी करा.

मग प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवा. दोन्ही ओले काळे, दोन्ही पांढरट, की एक असा आणि एक तसा? ही नोंद पुढे कामाला येईल. नवे प्लग लावा. कॉम्प्रेशन मोजा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कार्ब्युरेटर विसरा. तुमचं काम पिस्टन-रिंगांपाशी आहे.

टाकीला श्वास घेता येतो का तेही पाहा. गाडी दहा मिनिटं नीट चालून गळाठते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा जीव धरते, तर टाकीची हवेची नळी बुजली आहे किंवा दुमडली आहे.

आता ज्याने अनेकांना चकवलंय तो भाग. कित्येक स्नोमोबाइलना थ्रॉटलचा सुरक्षा स्विच असतो. स्लाइड वर अडकून राहिली आणि अंगठा सुटला, तर हा स्विच स्पार्क तोडतो. केबलमधलं ढिलेपण चुकीचं असेल किंवा स्विच झिजला असेल, तर अडकलेलं काही नसतानाही तो स्पार्क तोडायला लागतो. मग इंजिन आयडलला फडफडतं, किंवा थोडं आरपीएम चढलं की कापल्यासारखं तुटतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पायलट जेटमध्ये कचरा आलाय. ओळखायची खूण अशी: पेट्रोल कमी पडल्यावर इंजिन हळूहळू विझतं, स्पार्क तुटल्यावर ते एकदम कापलं जातं. मॅन्युअलमध्ये हा स्विच तपासायची रीत दिलेली असते. तपासणीपुरता तो बाजूला काढलात तर काम झाल्यावर परत जोडा, कारण गोठलेल्या थ्रॉटलसकट झाडाकडे निघालेली गाडी थांबवणारा तोच असतो.

५. लीन की रिच, आणि कोणता सिलिंडर?

या पायरीचं उत्तर मिळेपर्यंत एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा चोकची. या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नसते. ती जादा पेट्रोल देणारी स्वतंत्र वाट असते आणि थ्रॉटल बंद असतानाच ती नीट ओढते. म्हणूनच थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून वर थ्रॉटलही दाबून धरला की गाडी धरत नाही. इंजिन गरम करा, आयडलला आणा आणि चोक अर्धा ओढा. आयडल सुधारला तर मिश्रण लीन. इंजिन गुदमरलं तर मिश्रण आधीच ठीक आहे किंवा रिच आहे.

बाकीच्या खुणा कानाला आणि नाकाला कळतात. लीन इंजिनात थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लोंबकळतं आणि सावकाश उतरतं, किंवा आपोआप वर-खाली होत राहतं. झटक्यात थ्रॉटल दिला तर ‘बूऽऽ’ करून बसतं. रिच इंजिन आयडलला धूर ओकतं, ‘भर्र-भर्र’ अडखळतं आणि थ्रॉटल दिल्यावर आधी घसा साफ करून मग पळतं. दोन मिनिटं आयडलला ठेवलं की त्याचे प्लग ओले निघतात.

आता सिलिंडर ओळखा. थंड इंजिन चालू करून मिनिटभराने दोन्ही एक्झॉस्टच्या तोंडांवर पाण्याचा एकेक थेंब टाका, किंवा दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर धरा. जे तोंड थंड, तो सिलिंडर आयडलला काम करत नाही. प्लगची टोपी काढून पाहायची जुनी रीतही चालते, पण टोपी नुसती लोंबकळू देऊ नका. तीत जादा प्लग घालून तो इंजिनाच्या धातूला टेकवा, नाहीतर स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक सीडीआय युनिट जायची भीती.

एकच सिलिंडर बिघडला असेल तर दोष बहुधा त्याच बाजूच्या कार्ब, रबर किंवा सीलमध्ये आहे. दोन्ही सारखेच वागत असतील तर दोघांत सामाईक काय ते शोधा: पेट्रोल, पंप, टाकीची हवा, चोकची केबल.

६. चोरून शिरणारी हवा

खूण लीनची आली, तर कार्ब खोलण्याआधी हे करा. माझं घोडं इथंच पेंड खात होतं.

कार्ब्युरेटर इंजिनाला एका रबरी बूटाने जोडलेला असतो. रबर कडक होतं आणि त्याला चिरा पडतात, त्याही बहुतेक खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही. माझ्या गाडीचा बूट जागच्या जागी अगदी धडधाकट दिसायचा. चौथ्यांदा कार्ब काढला तेव्हा कंटाळून मी तो हातात घेऊन दुमडला आणि नखाएवढी चीर तोंड उघडून हसली. इंजिन थरथरलं की ती चीर उघडायची, थांबलं की मिटायची. म्हणून बूट नुसता पाहू नका, काढून दोन्ही अंगांनी वाकवा. वरवरच्या बारीक सुरकुत्या चालतील, आरपार गेलेली चीर नाही. त्यावर सीलंट फासू नका, पेट्रोल त्याला आठवड्यात सोडवतं आणि सुटलेला तुकडा इंजिनात जातो.

चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा सल्ला तुम्हाला मिळेल. गरम एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील फवारा मारणं मला पटत नाही. त्यापेक्षा दाबाची चाचणी करा. एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट असलेल्या इंजिनाच्या खालच्या भागात) साधारण सहा पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा, दहाच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगली सीलही उखडतील. मिनिटभरात एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली, तर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठे येतात ते बघा. बूट, सिलिंडरच्या तळाचं गॅस्केट, क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची सील हे नेहमीचे गुन्हेगार. सील गेलेलं असेल तर गाडी चालवणं थांबवा. नवखा असाल तर हे काम जाणकाराकडे द्या.

७. कार्ब्युरेटर खोलणं

पेट्रोलचा कॉक बंद करा, फोटो काढा, डाव्या-उजव्या कार्बवर टेपने खूण करा. दोघांचे जेट कधीकधी वेगवेगळे असतात, म्हणून सुटे भाग एका ताटलीत एकत्र करू नका. वरचं झाकण फिरवून केबलसकट स्लाइड बाहेर घ्या आणि नीडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा.

हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घाला, फेरे मोजा आणि नोंद करा. जोर लावून टेकवलात तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

वाटी उघडा. मध्ये मेन जेट, त्याच्या शेजारी खोल भोकात बारीक पायलट जेट. पायलट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अर्धं बुजलंय. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणून पेट्रोल सुकलं की सगळ्यात आधी तेच बंद होतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार फिरवा. ड्रिल बिट किंवा स्टीलची पिन घालू नका. जेट मऊ पितळेचा असतो, भोक किंचित मोठं झालं तरी त्याच्यावरचा आकडा खोटा ठरतो. मला विचाराल तर पायलट जेट साफ करत बसण्यापेक्षा नवाच घालावा.

बहुतेक जण जेट साफ करून थांबतात आणि मग गाडी तशीच वागते. पायलटचं पेट्रोल जेटमधून निघून कार्बच्या अंगातल्या वाटेने जातं आणि स्लाइडच्या जवळच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ती वाटही मोकळी हवी. पायलटच्या रिकाम्या भोकात क्लीनर फवारा आणि समोरच्या बारीक भोकातून धार येते का पाहा. हवेच्या स्क्रूच्या भोकातूनही तसंच. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ती धार नेमकी तोंडावर येते. क्लीनर मारण्याआधी रबरी ओ-रिंग काढून घ्या, तो त्यांना फुगवतो.

खूण रिचची आली असेल तर लक्ष वेगळीकडे द्या. फ्लोटची नीडल झिजून तिच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर पेट्रोल थांबत नाही. फ्लोट हलवून पाहा, आत पेट्रोल शिरलेला फ्लोट खुळखुळतो. त्याची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. चोकच्या प्लंजरखालचं रबर झिजलं किंवा केबल ताणलेली राहिली, तर चोक बंद असूनही पेट्रोल गळत राहतं, म्हणून केबलला किंचित ढिलाई हवी. आणि फ्युएल पंप. तो क्रँककेसच्या दाबावर धडधडतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल पल्स नळीतून (क्रँककेसचा दाब पंपाला पोचवणाऱ्या नळीतून) थेट क्रँककेसमध्ये उतरतं आणि ती नळी ज्या सिलिंडरला जोडलेली, तोच ओला राहतो. पल्स नळी उपटून पाहा, आत पेट्रोल सापडलं तर पंप गेला.

८. परत बसवताना

स्लाइडचा कापलेला भाग एअरबॉक्सकडे (कार्बला हवा पुरवणाऱ्या पेटीकडे) असतो. तिच्या खाचेत कार्बमधली पिन बसली पाहिजे. स्लाइड उलटी घातली तर ती तळापर्यंत जात नाही, आणि अशी गाडी चालू केलीत की ती पहिल्या ओढीला पूर्ण वेगात किंचाळते. म्हणून इंजिन चालू करण्याआधी थ्रॉटल पूर्ण दाबून सोडा. दोन्ही स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा ऐका. आवाज आला नाही, तर दोरीला हात लावू नका.

९. आयडल लावणं

दोन्ही आयडल स्क्रू इतके बाहेर काढा की स्लाइड पूर्ण खाली बसतील. मग प्रत्येक स्क्रू स्लाइडला जेमतेम टेकेपर्यंत आत आणा आणि तिथून दोन्हींना मोजून सारखे फेरे द्या. स्लाइड एकाच वेळी उठतात का ते एअरबॉक्स काढून बघा. दोन्हींच्या खाली एकाच जाडीच्या ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे ठेवा आणि थ्रॉटल हळूच दाबा. दोन्ही दांडे एकाच क्षणी सुटले पाहिजेत. नाही सुटले तर केबलच्या ॲडजस्टरने जुळवा. एक सिलिंडर पुढे आणि एक मागे असेल तर पुढचं सगळं ट्युनिंग वाया जातं.

हवेचे स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर ठेवा, आकडा नसेल तर दीड फेरा बाहेर. एअरबॉक्स परत लावा, इंजिन गरम होऊ द्या आणि दोन्ही स्क्रू एकेक पाव फेरा फिरवत आयडल सगळ्यात चढा आणि स्वच्छ कुठे लागतो ते शोधा. एअरबॉक्सच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो, तो बाहेर काढला की मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा, त्याचं उलट. हा फरक न बघता फिरवणारे बरेच भेटतात. हवेच्या स्क्रूची उत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत आली, तर पायलट जेट लहान आहे किंवा अजून बुजलेला आहे. अडीच फेऱ्यांपलीकडे गेली, तर तो मोठा आहे.

शेवटी आयडल स्क्रूने आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत तो १५०० ते २००० दरम्यान असतो. क्लच साधारण ३००० च्या पुढे पट्टा पकडतो, मध्ये मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

१०. ऑइल पंप विसरू नका

अनेक गाड्यांत थ्रॉटलची केबलच पुढे जाऊन ऑइल पंपाचा दांडा ओढते. कार्बच्या केबलला हात लावलात की पंपाची वेळही हलली. दांड्यावरची आणि पंपावरची खूण जुळते का पाहा. काही मॉडेलमध्ये ती आयडलला जुळवतात, काहींत पूर्ण थ्रॉटलला. सुंदर आयडल लावून तेल कमी पडल्याने जाम झालेलं इंजिन मी पाहिलंय.

११. थंडी आणि उंची

थंड हवा दाट असते, म्हणजे तीच गाडी कडाक्याच्या थंडीत लीन होते आणि मोठा जेट मागते. उंचावर हवा विरळ, तिथे उलट. बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली किंवा क्लचच्या कव्हरवर याचा तक्ता चिकटवलेला असतो. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत कार्बच्या गळ्यात बर्फ धरतो आणि स्लाइड चिकटते. सुकी कडक थंडी त्या मानाने बरी. गाडी आयडलला बिघडून थोडा वेळ उभी केल्यावर आपोआप बरी होत असेल, तर जेटांना दोष देण्याआधी हे आठवा.

१२. हंगाम संपताना

ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्बपर्यंत पोचेल. मग वाट्या रिकाम्या करा. हवेच्या स्क्रूचे फेरे, जेटांचे आकडे, क्लिपची खाच आणि त्या दिवशीचं तापमान टेपवर लिहून टेप बॉनेटच्या आत चिकटवा. कागदावर लिहिलंत तर तो हरवेल, माझे दोन हरवलेत.